वामनरावांची ओसरी

हे मी बायकोजवळही कधी बोललो नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही वामनरावांना ओळखत नाही.

छप्पन साली राज्यांची वाटणी झाली. नागपूर मराठी मुलखाकडे गेलं, आमचं बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं. कचेरीत हिंदी, शाळेत हिंदी. तेव्हा वामनरावांनी — आमच्याच कचेरीतले ते — आम्हा चार कारकुनांना आपल्या ओसरीवर जमवलं. दर रविवारी मुलांना मराठी शिकवायचं ठरलं. नुसतं ठरलं नाही. दहा वर्षांनी इथे काय दिसायला हवं, हे त्यांनी प्रत्येकाकडून वदवून घेतलं. कोणी वाचनालय म्हणालं, कोणी नाटक. सगळ्यांचं ऐकून ते म्हणाले, "आपलं एकबी पोरगं मराठी वाचल्याबिगर राह्यलं नाही पाह्यजे. बस." आम्ही माना डोलावल्या. मला तर — खोटं नाही सांगत — भरून आलं होतं.

पण संशयही आला. एवढी धडपड कशासाठी? या माणसाला मिळणार काय? — आणि हा संशय आला कुठून, सांगू? त्याच महिन्यात माझे मेहुणे नागपुरात माझ्यासाठी नोकरी बघत होते. चोराच्या मनात चांदणं! वामनराव सहज बघायचे, आणि मला वाटायचं, यांना कळलंय. आता हे चारचौघांत बोलणार.

म्हणून मीच आधी बोललो. पानठेल्यावर, बाकीच्या तिघांपुढे. "वामनरावचं नागपूरले जमून राह्यलं म्हणतात. आपल्याले इथं जुंपून निघून जाईन तो." कोण म्हणतं, हे कोणीच विचारलं नाही.

दोन-तीन रविवारांत ओसरी रिकामी झाली. पाट्या घेऊन बसलेली फक्त वामनरावांची दोन मुलं. ते माझ्याकडे आले — माझ्याकडेच! "भाऊ, काहून येऊन नाही राह्यले हे लोक? तुमच्या कानावर काही आलं का?"

मी म्हणालो, "नाही बा."

त्यांचं मनच उठलं. पाट्या माळ्यावर गेल्या. घरच्या मुलांनाही ते पुन्हा शिकवायला बसले नाहीत. पुढच्या वर्षी मी नागपूरला निघालो, तर स्टेशनवर पोचवायला आले. हसले. त्यांना ठाऊक होतं का? त्या हसण्याचा अर्थ मी अजून लावतो आहे.

ते कुठेच गेले नाहीत. बालाघाटलाच राहिले, गेल्या महिन्यात तिथेच वारले. मी घरच्यांना भेटायला गेलो. थोरल्या मुलाने कपाटातली मराठी पुस्तकं काढून माझ्यापुढे ठेवली. "काका, ये आप ही ले जाइए. हमसे पढ़ी नहीं जातीं."

मी पुस्तकं पिशवीत भरली, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि निघालो.