मतदारयादीतली आत्या

जुन्नरला आधारची कामं होतात त्या दुकानात ते म्हातारे चाचा मला एकदाच भेटले. नाव विचारायचं राहूनच गेलं. मी तिथल्या संगणकावर पिंपळवंडीची जुनी मतदारयादी उघडून वडिलांच्या आत्याला शोधत होतो. लग्नानंतर तिचं आमच्याकडे येणं-जाणं तुटलं होतं. "तिनं माहेर टाकलं," असं वडील अजूनही दुखावून म्हणायचे.

शेवटी ती सापडली. नाव, नवऱ्याचं नाव, घर क्रमांक आणि वय, एवढंच.

शेजारी नंबराची वाट बघत बसलेले चाचा पुढे झुकले. काळवंडलेलं बोट काचेला न लावता ते ओळींवरून फिरवू लागले. "या आळीत आमी कल्हई करायचो, पावणं. माणसांपेक्षा मला भांडीच लई ध्यानात ऱ्हातात." आत्याच्या नवऱ्याच्या नावापाशी बोट थांबलं. "हिच्या पातेल्याला पोचा व्हता. म्हटलं, ठोकून काढतो. तर म्हणली, नगं चाचा. म्हायेराहून आणताना पडलाय, ऱ्हाऊ द्या तसाच."

मी तिथूनच वडिलांना फोन लावून चाचांच्या हातात दिला. चाचांनी सगळं पुन्हा सांगितलं, अगदी सावकाश. पोचा केवढा होता तेही मोकळ्या हाताचा तळवा वाकवून दाखवलं, जणू वडील समोरच बसलेत. पलीकडून वडील विचारत होते, "आणखी काय म्हणाली ती?"

तेवढ्यात चाचांचा नंबर पुकारला. मागच्या बाईंना त्यांनी हातानंच पुढे जायला सांगितलं आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.