तेलकाकांचा कॉम्प्युटर

खिशाला पेनाऐवजी तेलाची कुपी लावून हिंडणारा माणूस, म्हणून सगळे त्यांना तेलकाका म्हणायचे. शिलाई मशीन दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. दुकान इतकं अरुंद की आत दोघं उभे राहिले तर तिसऱ्याने रस्त्यावरूनच बोलायचं. गिऱ्हाइकाने मशीन टेकवलं रे टेकवलं की काका म्हणणार, “आधी बैठक बघू.” मशीन फळीवर सपाट बसलं पाहिजे, खाली कागद सरकेल एवढीही फट नको. फट राहिली की मशीन खडखडणार, टाका सुटणार. आणि उरलेल्या सगळ्या दुखण्यांवर तेल. दार कुरकुरलं, तेल. कुलूप अडलं, तेल. काकू चिडवायच्या, “माझी जीभ अडखळली तर तिच्यावरही दोन थेंब सोडाल तुम्ही!”

आणि ती मेली जीभ खरंच अडखळायला लागली. नसांचा आजार निघाला. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. आधी आवाज जाईल, मग हात, पुढचं पुढे बघू, म्हणाले. आवाज तर बघता बघता गेला. शब्द लडखडत होते तेव्हा एका दुपारी काकू म्हणाल्या होत्या, “अहो, तुम्हाला एक सांगायचंय. खूप वर्षांपासून मनात आहे. पण असं तुकड्यातुकड्यांत नाही सांगायचं मला.”

पेन तोवर बोटांत धरवेनासं झालं होतं. मोबाइलवर बोट थरथरायचं, एका अक्षराच्या जागी तीन उमटायची. उजव्या हाताचं एक बोट मात्र अजून धड होतं. मुलगी म्हणाली, “मोठ्या बटणांचा कीबोर्ड मिळतो. कॉम्प्युटर घेऊ या, लिहिलेलं तो मोठ्याने वाचून दाखवतो. आईला जे बोलायचंय ते बोलेल.”

“घ्यायचा कशाला? मी जोडतो,” काका म्हणाले. “या घरात तयार वस्तू कधी आलीय?”

ते खरंच होतं. टेबलावरचा पंखा, पाण्याचा पंप, मिक्सर, सगळं काकांनी सुट्या भागांतून उभं केलेलं. काकूंनीही मान हलवून होकार दिला. कितीही चिडवलं तरी नवऱ्याचं कौतुक होतं हो त्यांना.

सुटे भाग आले. काकूंची खुर्ची टेबलाजवळ ओढली गेली. काकांनी पत्र्याचं कॅबिनेट उघडलं, मदरबोर्ड बसवला, पॉवर सप्लाय चढवला, तारा जोडल्या. मदरबोर्डची वायरी खुपसायची मागची तोंडं कॅबिनेटच्या खाचेशी जुळेनात, तर या माणसाने सरळ कानस घेऊन खाच मोठी केली. आता याला काय म्हणावं! मग फुशारकीने बटण दाबलं. कॅबिनेटमधल्या पंख्याने अर्धा फेरा मारला आणि थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा अर्धा फेरा, पुन्हा गप्प. काकूंना हसू आलं. तेव्हा त्यांना हसता येत होतं.

“पंखा जड आहे,” काका म्हणाले, आणि कुपी बाहेर आली. तेल घातलं. पंखा बोटाने भिंगरीसारखा फिरायला लागला, पण बटण दाबलं की तेच. मग पॉवर सप्लायवर संशय गेला. तो काढून ते सुटे भाग देणाऱ्या दुकानदाराकडे घेऊन गेले. दुकानदाराने नुसताच जोडून बघितला.

“काका, हा ठणठणीत आहे.”

“मग माझ्याकडे का मरतोय?”

“अख्खं कॅबिनेट आणा ना इकडे. नाहीतर मी येऊन बघतो.”

“नको, नको. मी शोधतो,” म्हणत काका दुसराच, जास्त ताकदीचा पॉवर सप्लाय घेऊन घरी आले. त्यानेही तेच केलं. पंखे बदलले, तारा बदलल्या, भिंतीतला सॉकेटसुद्धा नवा बसवला. मुलगी कळवळून सांगायची, “बाबा, कुणाला तरी बोलवा हो. आईचं बोट बघताय ना?” काका उखडायचे, “बघतोय म्हणूनच करतोय ना!” माणूस इरेला पेटला होता. तिला बोलतं करायचं तर आपल्याच हाताने, दुसऱ्या कुणाच्या नाही, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. दिवस जात होते. काकू रोज खुर्चीच्या हातावर बोट आपटून सराव करायच्या. आपटण्याचा आवाज हळूहळू कमी होत गेला.

शेवटी मुलीने बापाला न विचारता दुकानदाराला घरी आणलं. त्याने कॅबिनेटमध्ये डोकावून बघितलं आणि विचारलं, “काका, बोर्डाखालचे पितळेचे पाय कुठे आहेत?”

“ते होय? काढून टाकले. बोर्ड अधांतरी राहत होता. बैठक नको का पक्की?”

दुकानदाराने डोक्याला हात लावला. “अहो, अधांतरीच ठेवायचा असतो! बोर्डाच्या पाठीवरचे धातूचे टाके पत्र्याला टेकले की वीज भलतीकडे पळते. मग सप्लाय बिचारा सगळं जळू नये म्हणून स्वतःच बंद पडतो. त्यात काही बिघाड नव्हता. पंख्यातही नव्हता.”

काकांनी स्क्रूच्या डबीतून ते पाय शोधून दिले. चहा उकळेपर्यंत काम झालं. बटण दाबलं, पंखा फिरला आणि फिरतच राहिला. बोर्ड वाचला होता, सगळं सुरळीत होतं. मुलीने कीबोर्ड आईच्या पुढ्यात ठेवला आणि तिचं बोट अलगद बटणावर टेकवलं.

काकूंचा चेहरा लालबुंद झाला. कपाळावर घाम आला. बोट बटणावर तसंच पडून राहिलं. ते दाबलंच जात नव्हतं.

“सावकाश,” काका म्हणाले. “घाई नाही.” मग खुर्चीशी बसून त्यांनी बायकोच्या मांडीवर डोकं ठेवलं. “मी त्याला आधीच बोलवायला हवं होतं गं. चुकलो मी.” काकूंच्या गालावरून पाणी ओघळत होतं, ते मुलीने पुसलं. कॉम्प्युटर चालूच होता. तो बंद करायचं कुणालाच सुचलं नाही.

पापणी एकदा मिटली की हो, असं मग ठरलं. काका रोज विचारायचे. मुलीबद्दल आहे? माहेरचं काही? मी कधी काही लागेल असं बोललो होतो, ते? काकू त्यांच्याकडे बघत राहायच्या, पापणी मिटायची नाही. कधी काका एकेक अक्षर म्हणत बसायचे, हव्या त्या अक्षराला तिने पापणी मिटावी म्हणून, पण एक शब्द जुळायच्या आतच त्या थकून जायच्या. काका आणखी विचारायचे. चांगलं आहे का गं, एवढं तरी सांग. पापणी मिटली ती झोपेने, की हो म्हणून, ते त्यांना कळलं नाही.

त्यानंतर काकू फार दिवस राहिल्या नाहीत. काकांचं दुकान अजून चालू आहे. मशीनमध्ये तेल सोडता सोडता ते मध्येच थांबतात, काहीतरी नवीन आठवतं, आणि तोंडातून निघून जातं, “हे होतं का गं?” समोरचं गिऱ्हाईक विचारतं, “मला काही म्हणालात का काका?” ते नाही म्हणतात आणि पुन्हा मशीनवर वाकतात.