आत्याबाईच्या पगाराची फेरचौकशी

माझी आई वारल्यानंतर सात-आठ महिन्यांनी तिने पुन्हा घरकामाला सुरुवात केली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, यातच माझा सगळा स्वभाव आला.

झालं असं. मेहकर तालुक्यातल्या आमच्या खेड्यात नवी अंगणवाडी निघाली आणि माझी बायको शांता तिथे मदतनीस म्हणून लागली. घरी उरलो मी आणि आंधळी आत्याबाई. ‘घरचं मी पाहतो,’ असं मी शांताला सांगितलं. (पाहतो म्हणालो होतो. करतो म्हणालो नव्हतो!)

आत्याबाई म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. विधवा, मूलबाळ नाही. तिला सरकारकडून निराधारांचा पगार मिळे. फार नसे, पण तो हातात पडला की तिचा आवाज दोन दिवस वेगळाच लागायचा. ‘पूर्ण अंध, कोणतेही काम करण्यास असमर्थ’ असा दाखला मीच धावपळ करून काढला होता. त्या दाखल्यावर माझा इतका विश्वास बसला, की पुढे मला बाईपेक्षा कागदच खरा वाटू लागला.

मी सकाळी वांग्यांना पाणी देऊन यायचो आणि ओसरीत लवंडायचो. एके दिवशी उठून पाहतो, तर मधल्या घरात ओलं सारवण. आमचं घर धाब्याचं, सपाट मातीच्या छताचं, भिंती हातभर जाड, मधल्या घराला खिडकी नाही. भर दुपारी तिथे स्वतःचा हात दिसत नाही. कंदील खाली धरला. शेणात बोटांच्या चंद्रकोरी उमटलेल्या, आणि प्रत्येक कोरीच्या टोकाला अंगठ्याचा एक ठसा. असं सारवण मी एकाच बाईचं पाहिलं होतं, आणि तिला तर आम्ही नदीकाठी पोचवून आलो होतो.

आत्याबाई बाजेवर माळ ओढत बसली होती. कोणी आलं होतं का, असं मी विचारलं.

“कोण येते बाप्पा. आन् आलं त मले का दिसते?”

मग रोजच सुरू झालं. भांडी घासलेली, ज्वारी पाखडलेली. एकदा झोपेत कोणीतरी माझ्या अंगावर गोधडी घातली. गार, ओली बोटं मानेला लागली. मी डोळे उघडले नाहीत. भीती वाटत होतीच. पण मी पाहिलं आणि तिने येणंच बंद केलं तर, ही भीती त्याहून मोठी होती. संध्याकाळी शांता माझं कौतुक करायची. मी ते मान खाली घालून घ्यायचो.

तेवढ्यात शांताच्या नोकरीची खबर तहसिलीत पोचली. घरात कमाई सुरू झाली म्हणून आत्याबाईच्या पगाराची फेरचौकशी निघाली. त्या दिवशी ती जेवली नाही.

“पगार बंद झाला त मी कोनाच्या भरोशावर रे गजू?”

मी म्हणालो, “माझ्या.” तिने माळ ओढायला घेतली.

पटवारी साहेब आले ते न सांगता, भर दुपारी. मी डोळे चोळत उठलो. आत्याबाईची बाज रिकामी होती. गेली असेल शेजारी, असं वाटलं. साहेबांनी कागद काढला. बायको कामावर, म्हातारी आंधळी. मग घरकाम कोण करतं?

खोटं बोलता आलं असतं. पण आईने सारवलेल्या जमिनीवर बसून खोटं बोलवेना.

“आई करते.”

“बोलवा त्यांना.”

“ती गेल्या पौषात वारली, साहेब.”

साहेबांचा पेन थांबला. आणि बंद दाराआड, मधल्या घराच्या काळोखात, जातं सुरू झालं. घर्र... घर्र... साहेबांनी दोन्ही पाय बाजेवर घेतले. अंधारात कोण दळतंय, असं त्यांनी खुणेनंच विचारलं.

“आईच. रोज येते,” मी म्हणालो.

जातं थांबलं. दार करकरलं. काळोखातून पांढरेफटक दोन हात बाहेर आले, चौकट चाचपत. साहेबांनी माझा सदरा धरला. मी त्यांना आधीच धरलं होतं.

“मेल्यावर तरी मायले कामाले काऊन लावतं बे?” आत्याबाई म्हणाली. हात ज्वारीच्या पिठाने माखलेले. “मीच आहो.”

मग सगळं बाहेर आलं. आंधळीला अंधाराचं काय? काम करते हे कळलं तर पगार जाईल, म्हणून मी घोरायला लागलो की ती उठायची. आज साहेब आल्याचं तिला जाड भिंतीआड कळलंच नव्हतं; जात्याच्या घरघरीत माझं ‘आई’ तेवढं ऐकू आलं. आणि आईला सारवायला शिकवलं होतं तेही तिनेच.

“खोटं बोलत नाही साहेब. काम करते मी. आता बंद करता का?”

मला भरून आलं. मी पुढे होऊन म्हणालो, की मी तिला पोटच्या मुलासारखा आहे, तिला मीच सांभाळतो. साहेबांनी लगेच ‘सांभाळ करणारा कर्ता पुरुष’ या रकान्यावर पेन टेकवला. माझं नाव तिथे पडलं असतं तर तिचा पगार संपला असता.

“त्याले नका लिहू, साहेब,” आत्याबाई शांतपणे म्हणाली. “त्याच्या आंगावरची गोधडीही मीच घालते.”

साहेबांनी सारवण पाहिलं, जातं पाहिलं, मग बराच वेळ मला पाहिलं. आणि लिहिलं, ‘कोणीही नाही.’ खाली साक्षीदार म्हणून मीच सही केली.

पगार चालू राहिला. मला मात्र झोप लागेना. तेव्हापासून घरकाम मी करतो. पण माझा उपयोग होतो हे तहसिलीत कळलं तर पुन्हा पंचाईत, म्हणून मधल्या घराचं दार लावून, अंधारातच भाकरी थापतो. पकडला जाण्याची भीती नाही. त्या वेड्यावाकड्या, करपलेल्या भाकरी जिवंत माणसाने केल्या असाव्यात, असा संशय अजून तरी कोणाला आलेला नाही.