आधी माझ्या डोक्यावर

पलटणीतल्या हवालदारानं माझ्या डोक्यावरचा लोखंडी टोप छडीनं उडवला. टोप गटाराच्या कडेला जाऊन पडला. माझा कान फाटला, रक्त आलं. त्याचं त्याला काही नव्हतं.

"जोडे शिवणारी तू. हे आमच्या डोक्यावर बसतं," तो म्हणाला.

आम्ही चांभार. बेळगावकडून आलेले. बंगळुरात हलसूरच्या बाजारात दुकान. चीनची लढाई झाली आणि छावणीतून टोपांची गाठोडी यायला लागली. टोपाच्या आत चामड्याचा पट्टा असतो. तो उसवला की आम्ही नवा शिवायचो. शिवून झाला की टोप स्वतःच्या डोक्यावर चढवून बघायचा, ही वडिलांची, अप्पांची रीत. एखादी गाठ कानशिलाला टोचत असेल तर ती हाताला कळत नाही. अप्पांची नजर अधू झाली आणि शिवणं माझ्याकडे आलं. डोकंही मग माझंच.

हवालदारही बेळगावकडचा. साध्या कपड्यांत यायचा तेव्हा बाकावर टेकायचा, इथं आपली भाषा ऐकून बरं वाटतं म्हणायचा. मला अक्का म्हणायचा. मलाही तो भावासारखा वाटायचा, खोटं कशाला बोलू? त्या दिवशी टोप घातलेली मी दिसले आणि अक्काची 'ए' झाली.

अप्पांनी हात जोडले. चुकलं म्हणाले. टोप मातीनं घासला, आतलं चामडं तीनदा धुतलं. माझी शिलाई भिजून वाकडी झाली. तो उभा राहून धुवून घेत होता. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची मला अजून लाज वाटते. पुन्हा असं दिसलं तर काम बंद, असं सांगून तो गेला.

अप्पा म्हणाले, आता मडक्यावर घालून बघत जा. मी हो म्हणाले. आणि पडद्यामागे जाऊन एकूण एक टोप डोक्यावर चढवला. पट्टा हनुवटीखाली आवळायचा, तेलकट केस आत कोंबायचे, घाम येईस्तोवर बसायचं. एका टोपात हवालदाराचा नंबर रंगवलेला होता. त्याला मी जास्त वेळ दिला.

दीड महिन्यानं तो ट्रकमधून आला. सरावाला निघाले होते. अंगावर सगळा सरंजाम, डोक्यावर टोप. टोपाखाली त्यांचे डोळे दिसत नाहीत. बाजारातली माणसं आपसूक बाजूला सरतात. मी सरले नाही.

"टोप बसतो का नीट?" मी विचारलं.

"बसतो. शिकलीस म्हणायचं."

"आधी माझ्या डोक्यावर बसवला. तुमचाही, बाकीचे सगळेही."

त्याचा हात हनुवटीच्या पट्ट्याकडे गेला. पण ट्रकमधून साहेब बघत होता. हुकमाशिवाय टोप काढता येत नाही. हात खाली आला. कपाळावरून घामाच्या धारा, आणि तो तसाच उभा. मला इतकं बरं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

"सांगा जा पलटणीला," मी म्हटलं.

काम गेलं. अप्पा म्हणाले, जा, पाय धर त्याचे. मी गेले नाही. अप्पा वारेपर्यंत माझ्याशी धड बोलले नाहीत.

परवा कळलं, हवालदार पेन्शन घेऊन गावी बसलाय. गाव मला ठाऊक आहे. यंदा जाणार. सुना-नातवंडांसमोर त्याच्या ओसरीवर बसून हे सगळं सांगणार. मग प्यायला पाणी मागणार, त्याच्या हातचं, त्याच्या तांब्यातलं. मिळाल्याशिवाय उठणार नाही.