पडवीतल्या भिंतीवरचे डाग

वत्सला गेल्याची बातमी एसटीच्या कंडक्टरनं आणली. पुण्याच्या इस्पितळात, विषमज्वरानं... कामथडीला गाडी थांबवून तो शाळेपर्यंत चालत आला आणि दारातच टोपी काढून म्हणाला, "बाई, आपल्या वत्सलाबाई गेल्या." वर्गात मुली पाढे म्हणत होत्या. मी त्यांना थांबवलंही नाही. त्या दिवशी रडू आलं नाही. आलं ते पुढे शोकसभेत, आणि तेही संतापाचं.

भोर संस्थान विलीन झालं, त्यानंतर वर्षभरात ती मुंबईहून इकडे आली. समाजकार्य शिकलेली. खेड्यातली म्हातारी माणसं कशी जगतात ते पाहून अहवाल लिहायचा, एवढंच तिच्या मुंबईच्या संस्थेनं सोपवलेलं काम. मी शाळेत नवी होते. एकाच घरात आम्ही शेजारशेजारच्या खोल्या घेतल्या. पडवी दोघींत एक. सुट्टीत मीही तिच्याबरोबर वाड्यावस्त्या हिंडायची. वेल्ह्याच्या वरच्या एका धनगरवाड्यात ठकूआजी शेरडांच्या गोठ्यात पडलेली सापडली. अंगाखाली लेंड्या, पाठीला जखमा, जखमांत अळ्या. मी पदर तोंडात कोंबून बाहेर पळाले. वत्सलाही बाहेर आली, कुडाआड जाऊन ओकली, चूळ भरली आणि पुन्हा आत गेली. कोमट पाण्यानं म्हातारीची पाठ धुता धुता तिनं सुनेला विचारलं, "घरात का नाही ठेवत ह्यांना?" सून मान वर न करता म्हणाली, "समदी ढोरामागं जात्यात, बाई. घरात एकलीच कन्हत पडती. हितं निदान शेरडांची ऊब तरी हाय." डोंगर उतरताना वत्सलानं ओढ्यात कोपरापर्यंत हात धुतले. मग म्हणाली, "घाणीची शिसारी आली गं मला... त्या सुनेची नाही आली."

अहवाल तिनं पाठवला. तो उत्तम झाल्याचं संस्थेनं कळवलं, आणि तिथंच सगळं थांबलं. मग तिनं स्वतःच गावच्या धर्मशाळेत दुपारची बैठक सुरू केली. घरची माणसं रानात गेली की म्हातारे तिथं यायचे. गरम भाकरी, कालवण, डोक्याला तेल, वाढलेली नखं कापणं आणि पोटभर बोलणं. रामजीबाबांना जवळजवळ दिसत नव्हतं. ते भिंतीला हात लावत लावत यायचे आणि बायको वारल्यानंतर ते पहिल्यांदाच बोलू लागले, असं त्यांचा मुलगा सांगायचा.

ही बैठक बघायला कुठल्याशा समितीचे अध्यक्ष आले. म्हणजे येणार म्हणून म्हाताऱ्यांना सकाळपासून उन्हात खुर्च्यांवर मांडून ठेवलं, आणि ते आले दुपार कलल्यावर. तोवर रामजीबाबांचं धोतर ओलं झालं होतं. अध्यक्षांनी नाकाला अत्तराचा रुमाल लावला आणि फोटोवाल्याला म्हणाले, "त्या म्हाताऱ्याला बाजूला घ्या आधी." वत्सलानं खांद्यावरची शाल बाबांच्या कमरेला गुंडाळली. "चला बाबा," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "यांचा फोटो होऊ दे. आपण जेवून घेऊ." एकेक करत सगळे तिच्यामागून उठले. अध्यक्षांचा फोटो रिकाम्या खुर्च्यांबरोबर निघाला.

त्याची किंमत तिला मोजावी लागली. धर्मशाळा अचानक समितीला गोदामासाठी हवी झाली; तिथली चूल मोडली, दाराला कुलूप लागलं. संस्थेनं तिला परत बोलावलं, पण ती गेली नाही. नोकरी सुटली. शिवणकाम करून राहिली आणि बैठक आमच्या पडवीत आणली. तिथंच ती शेवटच्या आजारापर्यंत चालली.

शोकसभेला अध्यक्षपदी तेच गृहस्थ! वत्सला म्हणजे वृद्धांची माउली होती, म्हणाले. तिच्या कार्यामागे आपण पहिल्यापासून उभे होतो, म्हणाले. गावातली शहाणीसुरती माणसं माना डोलवत होती. त्यात कुणी मोडलेली चूल पाहिली होती, कुणी धर्मशाळेला लागलेलं कुलूप. माझ्या शेजारी रामजीबाबा बसले होते. त्यांनी खणखणीत आवाजात विचारलं, "कोन बोलतंय ह्यो?" मी सांगितलं. बाबांनी माझा हात धरला. "मला उटव," म्हणाले. आम्ही दोघं सगळ्यांसमोरून बाहेर पडलो. कुणी अडवलं नाही, कुणी आमच्यामागून आलंही नाही.

गेल्या आठवड्यात घरमालक चुन्याची बादली घेऊन आले. वत्सलाची खोली दुसऱ्याला द्यायची, पडवी रंगवायची. पडवीच्या भिंतीवर बसल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला काळपट, तेलकट डागांची ओळ आहे. तेल लावलेली म्हातारी डोकी वर्षानुवर्षं तिथं टेकत आली. "शी! काय ही घाण," ते म्हणाले. मी उत्तर देणार, तेवढ्यात रामजीबाबा भिंत चाचपत आले. नेहमीच्या जागी बसले, आपल्या डागावर डोकं टेकलं आणि डोळे मिटून म्हणाले, "चूल पेटली का न्हाई, बाई?"

घरमालक कुंचला हातात धरून उभेच राहिले. मी चूल पेटवायला आत गेले.