बायकोने सोडलेला चहा

माझ्या टाळूवर, मागच्या बाजूला, पुरीएवढी जागा मोकळी आहे. पाणीपुरीची पुरी नाही, श्रीखंडाबरोबर खातो ती. आता मी चालवतो रिक्षा, आणि रिक्षात गिऱ्हाईक बसतं ते बरोबर माझ्या मागे. म्हणजे जी गोष्ट जगापासून लपवायची तीच जगाच्या नाकासमोर, आणि तीही मीटर चालू असताना. म्हणून बारा महिने टोपी.

लोकांना वाटतं मला चाई लागलीय. चाई म्हणजे केसांचे गोल गोल चट्टे जातात तो रोग. तसं मीच सांगितलंय सगळ्यांना. खरं असं आहे की ते केस मी उपटतो. स्वतः. ह्या उजव्या हाताने, ज्या हाताने जेवतो त्याच.

तेरा-चौदा वर्षांचा असताना सुरू झालं. काय दुःख होतं म्हणाल तर काही नाही. शाळेने मला चौथीतच सोडलं होतं, घरी रिकामा बसून असायचो. हात आपोआप वर जायचा. बोटं चाचपत फिरतात, शंभर केस सोडतात आणि एक पकडतात, जरा राठ, वाकडा. तो ओढला की बारीक टक् होतं, आणि तेवढा वेळ डोक्यातली सगळी खटखट बंद. केसाच्या मुळाशी एक पांढरा ठिपका असतो, तो मी ओठांवरून फिरवतो. हे सांगताना आत्तासुद्धा कानशिलं गरम झाली. दारू प्यायलो असतो तर बरं झालं असतं. दारुड्याला निदान चार जण जोडीला असतात, आणि "सोड रे बाबा" म्हणायला गल्ली असते. मला कोण काय म्हणणार? डोक्यावरून हात खाली घे म्हणून कुणी गाऱ्हाणं घालतं का?

लग्नात डोक्यावर टोपी होती, खपून गेलो. चौथ्या दिवशी टोपी काढून नळाला तोंड लावून पाणी पीत होतो, तेव्हा मागून बायकोने बघितलं.

"अहो, हे काय?"

"चाई," म्हणलं.

दोन अक्षरं. पण आयुष्यभर पुरली.

तिने विश्वास ठेवला, तिथेच माझं चुकलं. नसता ठेवला तर मी सुधारलो असतो, असं मी स्वतःला सांगतो. तेही खोटंच असणार. ती कामाला लागली. जास्वंदीचं तेल झालं, लिंबाच्या बिया वाटून झाल्या, कुणीतरी सांगितलेला कसला तरी पाला झाला. मग कांदा. रोज सकाळी दोन कांदे किसायची, फडक्यातून रस पिळायची आणि मला पाटावर बसवून टाळूवर चोळायची. तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. मला वाटायचं, माझ्यासाठी रडते. कांदा होता.

असं महिनाभर चोळलं की बारीक कोंब यायचे. ती बोट फिरवून म्हणायची, "आले बघा, टोचतायत." मी "हो का?" म्हणायचो, बिबवेवाडीतून रिक्षा बाहेर काढायचो, आणि पहिल्याच सिग्नलला, गाडी न्यूट्रलला टाकून, टोपीखाली बोटं घालायचो. ती पेरायची, मी उपटायचो. संध्याकाळी ती बघायची आणि म्हणायची, "परत गेले हो." असं म्हणायची, जसं काही तिच्याच हातून काही राहिलं.

शनिवार पेठेतले एक आजोबा माझं कायमचं गिऱ्हाईक. त्यांची लेक आमच्या भागात राहते, आठवड्यातून दोनदा तिच्याकडे यायचे. एकदा बसले आणि नाक वर करून म्हणाले, "भजी तळता का रिक्षात?" दुसऱ्यांदा सीटवर बसण्याआधी वाकून बघितलं. "केस आहेत. मांजर पाळलंय?" मी म्हणलं, "हो." आता हे मांजर रोज रिक्षा चालवतं, हे कुठल्या तोंडाने सांगू?

बायकोने मला सरकारी दवाखान्यात नेलं, त्याला सहा वर्षं झाली. तिला बाहेर बाकावर बसवून मी एकटाच आत गेलो. डॉक्टरीण बाई तरुण होत्या. त्यांनी टाळू बघितली, बोट फिरवलं.

"काका, चाई असली की जागा गुळगुळीत होते. इथं तर केस लहान-मोठे तुटलेले आहेत. तुम्ही स्वतः ओढता का?"

"छे हो मॅडम. रिक्षा चालवतो, हात मोकळा कुठे असतो?"

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हा आजार आहे. बऱ्याच जणांना असतो. लाजायचं कारण नाही. वरच्या मजल्यावर ह्याचे डॉक्टर आहेत, बोलून सवय सोडवायला शिकवतात. चिठ्ठी देते." चिठ्ठी इंग्रजीत होती. माझ्यासारख्याला इंग्रजी कागद दिला म्हणजे प्रश्नच मिटला, ना मी वाचणार ना बायको. बाहेर आलो.

"काय म्हणाल्या?"

"चाईच आहे म्हणाल्या. औषध नाही. देवाची मर्जी."

हे शेवटचं वाक्य मी उगीच जोडलं. जरा भारदस्त वाटावं म्हणून. त्याची शिक्षा आठ दिवसांत मिळाली. नवरात्र होतं. बायको देवीच्या देवळातून आली, पिशवी ठेवली आणि म्हणाली, "बोलून आले. तुमची चाई जाईपर्यंत चहाला शिवणार नाही."

माझी बायको म्हणजे सकाळी डोळे उघडायच्या आधी चहाचं आधण ठेवणारी. दिवसाला सहा कप. तिच्या माहेरी पोराचं बारसं असो नाहीतर कुणाची मयत, आधी चहा. तिने दुसरं काहीही सोडलं असतं, वांगं, गोड, अगदी मला सोडलं असतं तरी चाललं असतं. मी म्हणलं, "अगं, कशाला? वांगं सोड की." ती म्हणाली, "वांगं मला आवडत नाही. देवीला कळतं ते."

तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने माझ्यापुढे कप ठेवला आणि मी प्यायलो. म्हणलं, आपणही सोडावा, जोडीने. दुपारपर्यंत सोडला. मग स्टँडवर गरम चहा आला, सोडलेला परत धरला. सहा वर्षं रोज सकाळी ती माझा चहा करायची आणि मी प्यायचो, ती बाजूला भाकरी थापायची.

ह्या आषाढात एकदा डबा विसरला म्हणून अर्ध्या वाटेतून घरी परत आलो. दार उघडंच होतं. ती मोरीपाशी भांडी घेऊन बसली होती. माझा सकाळचा रिकामा कप तिने उचलला, नाकापाशी नेला, डोळे मिटले आणि जरा वेळ तशीच बसली. मग राख लावून घासला.

मी डबा न घेताच उलट फिरलो. रिक्षाच्या कागदांच्या पाकिटात लायसनच्या मागे ती इंग्रजी चिठ्ठी होती, घड्यांवर फाटत आलेली. ती घेऊन दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर गेलो. कुणी ओळखीचं बघू नये म्हणून तोंडाला रुमाल बांधला होता. टोपी आणि रुमाल, दोन डोळे फक्त बाहेर. तिथला वॉचमन माझ्याकडे बराच वेळ बघत होता.

तिथले डॉक्टर सज्जन. ओरडले नाहीत. म्हणाले, हात वर निघाला की आधी कळायला शिका, मग मूठ आवळा, हातात काहीतरी ठेवा. मी सुतळीचा तुकडा ठेवला. सिग्नलला सुतळीला गाठी मारायच्या आणि सोडायच्या. अडीच महिने! चुकत-माकत, पण अडीच महिन्यांत पुरीची सुपारी झाली. बायकोने बोट फिरवलं तर ते केसांत बुडलं. तिने परत दोनदा फिरवून बघितलं. मग वारज्याला बहिणीला फोन लावला. "दसऱ्याला ये. चहा पिणार आहे मी."

मला काय झालं सांगू? माज आला. खंडेनवमीच्या दिवशी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, मी टोपी न घालता रिक्षा काढली. म्हणलं बघू दे जगाला. आजोबांना शनिवार पेठेतून घेतलं. त्या दिवशी मार्केट यार्डाच्या अंगाला झेंडूवाल्यांची ही गर्दी. टेम्पो, हातगाड्या, पाव तास गाडी जागची हलेना. केसांना वारा लागत होता. किती वर्षांनी लागला होता. म्हणलं हात लावून बघावं, आहेत ना. नुसता हात. सुतळी घरी, टोपीच्या आत ठेवलेली.

मला काही कळलंच नाही. मागून आवाज आला.

"अहो, गाड्या पुढे गेल्या. उरलेले उद्या उपटा."

मी खाली बघितलं. पँटवर, मांडीवर, काळे काळे. आजोबांच्या आवाजात राग नव्हता, नेहमीचं खवट बोलणं होतं. पण ते शब्द आजवर कुणी मोठ्याने बोललं नव्हतं. त्यांना सोडलं, पैसे घ्यायचे विसरलो. ते ओरडले तरी थांबलो नाही. घरी गेलो, टोपी चढवली आणि "डोकं दुखतंय" म्हणून झोपलो.

दसऱ्याच्या सकाळी मी उठायच्या आधीच बायको देवळात जाऊन आली होती. मी रिक्षा धुतली, झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबं ठेवली. तिने रिक्षाला ओवाळलं, मग मला. मेहुणी आली होती, नवीन कपबशी आणि गवती चहाची जुडी घेऊन. घरात आलं ठेचल्याचा वास. आधण उकळत होतं.

"दाजी, टोपी काढा आता," मेहुणी म्हणाली. "दर्शन द्या. सहा वर्षं ताईने उपास केलाय तुमच्या टकलाचा."

"अगं, थांब," बायको म्हणाली. "सकाळीच देवीला सांगून आलेय, फिटलं म्हणून. आधी चहा होऊ दे."

खरं सांगतो, माझ्या मनात आलं की गप्प बसावं. ती चहा पिईल, खूश होईल, चार दिवसांनी म्हणू, परत गेले. कुणाचं काय बिघडलं? पण मी तिला ओळखतो. उद्या घरात कुणाला साधी सर्दी झाली तरी ही म्हणणार, माझ्याच नवसात खोट राहिली. खोट माझी, भोगणार ती. कांद्यासारखं.

मी टोपी काढली आणि पाठ फिरवली.



"काल सकाळी होते," बायको म्हणाली.

"होते."

"मग?"

"मी उपटले. चाई नाही ती. पहिल्यापासून मीच उपटतो."

मेहुणी खो खो हसली. "दाजी, काहीही! सणाच्या दिवशी तरी!" बायकोपण हसायला लागली होती. जन्मभर मी काहीबाही बोलून हसवलं, त्याचं हे फळ. खरं बोललो तर तोही विनोदच झाला. शेवटी मी रिक्षातून पाकीट आणलं आणि ती चिठ्ठी मेहुणीच्या हातात दिली. ती शिकलेली आहे. वाचता वाचता तिचं हसणं विझलं. हळू आवाजात म्हणाली, "ताई, स्वतःचे केस स्वतः ओढायचा आजार आहे, असं लिहिलंय."

"तारीख कुठली आहे?"

मेहुणीने माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. तारीख सांगितली. बायकोने मनात मोजलं, मला दिसलं मोजताना. कागद आधीचा होता. नवस नंतरचा.

तिकडे चहा उतू गेला. तिने गॅस बंद केला. मला वाटलं ओतून देणार मोरीत. तिने गाळला, नव्या कपात.

"मी देवीला चाईचं बोलले होते," ती म्हणाली. माझ्याशी नाही, कपाशी बोलल्यासारखी. "चाई नव्हतीच. मग नवस कसला?"

आणि उभ्यानेच, भिंतीकडे तोंड करून, प्यायली. एक कप. मग दुसरा. मग पातेल्यात उरलेला तिसरा. मेहुणी पायांकडे बघत बसली होती. मला कुणी विचारलं नाही आणि मी मागितला नाही. हातात टोपी घेऊन उभा होतो, एखाद्या ऑफिसात साहेबासमोर उभं राहावं तसा. कप खाली ठेवल्यावर ती एवढंच म्हणाली, "सहा वर्षं, रोज दोन कांदे. कोशिंबीर तरी झाली असती."

त्यानंतर बारा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. कांदा बंद, तेल बंद. मी दर आठवड्याला वरच्या मजल्यावर जातो, आता रुमाल बांधत नाही. केस अजून उपटतो. कमी, पण उपटतो, खोटं कशाला सांगू, खोट्याचा माझा कोटा संपला. तेराव्या दिवशी संध्याकाळी टीव्ही बघत बसलो होतो, हात वर निघाला. टीव्हीवरची नजर न हलवता तिने ताटलीभर लसूण माझ्यापुढे सरकवला. "सोला." मी सोलला. तेव्हापासून रोज सोलतो. आजोबा परवा बसले, हुंगलं आणि म्हणाले, "मेनू बदललेला दिसतो." दसऱ्याच्या आदल्या दिवसाचे पैसेही हातात ठेवले.

सकाळी चहा होतो आता दोघांचा. पण आधी ती तिचा पिते, सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत. मग माझा कप भरते. तेवढा वेळ मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसतो.