लाल पट्टीचे दहा इंच

त्यांना सगळे पट्टीवाले म्हणत. खरं नाव पगाराच्या यादीत होतं आणि तिथेच सुखाने राहत होतं. घर घेणाऱ्यांना सल्ला देणारी एक कचेरी होती. तिच्या मागच्या बाजूला मोठा रिकामा हॉल होता, आणि त्या हॉलच्या फरशीवर रंगीत चिकटपट्ट्यांनी घरं आखायची, हे पट्टीवाल्यांचं काम. गिऱ्हाईक येऊन पगार सांगायचं. आतली मंडळी आकडेमोड करून कागद द्यायची, की एवढ्या पगारात आपल्या शहरात केवढं घर येतं, दुसऱ्या मोठ्या शहरात केवढं, आणि परदेशात केवढं. मग पट्टीवाले गुडघ्यांवर बसत. आपलं शहर लाल पट्टीत, दुसरं निळ्या, परदेश हिरव्या. भिंती, दारं, मोरी, सगळं खऱ्या मापाचं.

एकदा एक नर्सबाई नवऱ्याला घेऊन आल्या. हिरव्या घरात त्यांनी तीन खोल्या फिरून पाहिल्या. निळ्यात दोन. लाल घरात शिरल्या आणि दोन्ही हात पसरले, तर बोटं पट्टीबाहेर गेली. नवरा म्हणाला, "अहो पट्टीवाले, भांडण झालं तर हिने रुसून बसायचं कुठे?" सगळे हसले. नर्सबाई हसल्या नाहीत. पगार तोच, कष्ट तेच, माणूस तोच, आणि शहर बदललं की घराचा पार चोथा! त्या बाई पुढच्या वर्षी देश सोडून गेल्या. असे कितीतरी गेले. पट्टीवाले मान खाली घालून पट्ट्या उपटत आणि पुढच्या गिऱ्हाइकाची घरं आखत.

माणूस नाकासमोर चालणारा. एकतीस वर्षांत सुतभर इकडचं तिकडे केलं नाही. आतले कागदावर चुकले तर हेच उठून सांगत, "साहेब, ही भिंत अर्धा इंच लबाड आहे." पण माणसाचा पाय घसरतो तो असा, रोजच्या पायाखालच्या फरशीवरच. ऐका आता.

त्यांना एकच लेक. बायको गेल्यावर उरलेलं सगळं आयुष्य त्या लेकीभोवती आणि नऊ वर्षांच्या नातीभोवती फिरत होतं. नात चाकांच्या खुर्चीत. पाय जन्मापासून नव्हतेच चालणारे, जीभ मात्र दोन माणसांची चालायची. पट्टीवाले तिला राणीसरकार म्हणत. सरकारांची स्वारी शनिवारी हॉलमध्ये यायची आणि लोकांच्या घरांतून खुर्ची पळवत दरडावायची, "हे घर नापास!"

एके दिवशी लेक जेवता जेवता म्हणाली, "बाबा, यांना परदेशातल्या कचेरीत बदली मिळतेय. पंधरा दिवसांत कळवायचंय. नाहीतर इथे त्या नव्या इमारतीतलं घर घ्यायचं. तुम्ही आम्हाला दोन्ही घरं आखून द्या ना."

"तुला काय वाटतं?" त्यांनी विचारलं.

"मला काहीच वाटत नाही. मोरीपुढे हिची खुर्ची वळली पाहिजे, एवढंच. पाच फूट लागतात. जिथे वळेल तिथे राहू."

दोन्ही घरांचे कागद आले. परदेशातल्या घरात मोरीपुढची जागा सहा फूट. इथल्या घरात चार फूट दोन इंच. पट्टीवाल्यांनी तो आकडा तीनदा वाचला. तीनदा वाचून आकडा वाढतो होय?

त्या शनिवारी ते कचेरी उघडायच्या तासभर आधी आले. उन्हाची तिरीप फरशीवर पडली होती. लाल घर आखत आखत ते मोरीपाशी आले आणि टेप धरलेला हात थांबला. विमानतळाच्या काचेपलीकडे हात हलवणारी नात त्यांना दिसली. मग रिकामी खोली, एकट्याचं ताट, आणि आठवड्यातून एकदा फोनच्या पडद्यावरचं 'आजोबा, जेवलात का?' मेल्या, दहा इंचांनी कुणाचं काय बिघडणार आहे, असं ते स्वतःलाच म्हणाले आणि लाल पट्टी दहा इंच पुढे लावली. एकदा हात बाटला की थांबतोय कशाला. हिरवी पट्टी त्यांनी दीड फूट मागे घेतली.

लेक आली, जावई आले. राणीसरकार आधी हिरव्या घरात शिरल्या, मोरीपुढे अडकल्या, चाक पट्टीवर गेलं. "नापास!" मग लाल घर. खुर्ची गर्रकन वळली. पुन्हा वळली. "आजोबा, पास! पैकीच्या पैकी!"

जावई जरा घुटमळले. "कागद एकदा बघून घेऊ या का?"

"अहो, बाबांनी आखलंय," लेक म्हणाली. "कागदापेक्षा ते जास्त खरं."

पट्टीवाल्यांनी तोंड फिरवलं आणि उगाचच पट्टीचं रीळ गुंडाळत बसले. बदलीला नकार गेला. इथल्या घरावर सह्या झाल्या.

इमारत उभी राहायला चौदा महिने लागले. त्या चौदा महिन्यांत पट्टीवाल्यांना गोड घास गोड लागला नाही. दर रविवारी ते बांधकामाच्या कुंपणाशी जाऊन उभे राहत. मजले चढत होते, आणि यांचा जीव खाली खाली जात होता. कितीदा सांगायला निघाले आणि लेकीच्या दारातून चहा पिऊन परत आले. बांधणाऱ्याकडून भिंत थोडी सरकेल, कुणी सांगावं, अशी वेडी आशाही धरली. राणीसरकार तिकडे उंच होत होत्या. खुर्ची मोठी घ्यावी लागली.

किल्ली मिळाली त्या दुपारी सगळे नव्या घरात गेले. रंगाचा वास, उघड्या खिडक्या. सरकार सगळ्यांच्या आधी आत गेल्या, आणि मोरीकडून खाडकन आवाज आला. खुर्चीच्या पाय ठेवायच्या फळ्या दाराच्या चौकटीला लागल्या होत्या आणि मागची चाकं भिंतीला. ना पुढे, ना मागे.

लेक भडकलीच. "फसवलं मेल्यांनी! थांबा, बोलावते त्या माणसाला." बांधणाऱ्याचा माणूस नकाशा घेऊन वर आला. लेक त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "हे माझे बाबा. बत्तीस वर्षं घरं मोजतायत. बाबा, मोजा. ह्यांच्या तोंडावर मोजा."

पट्टीवाले खाली बसले. टेप लावला. आकडा त्यांना पाठ होता.

"किती?"

"चार फूट दोन इंच."

"बघा!" लेक त्या माणसावर ओरडली. त्याने नकाशा पुढे केला. मोरीपुढची जागा, चार फूट दोन इंच. खाली तिचीच सही. "भिंत सरकवता येईल का?" जावयांनी हळूच विचारलं. तो म्हणाला, "साहेब, ह्या भिंतीवर वरचे सहा मजले उभे आहेत." आणि तो निघून गेला.

लेक नकाशाकडे बघत राहिली. मग बापाकडे. "तुम्ही पाच आखलं होतं."

खोटं अजूनही बोलता आलं असतं. कचेरीतल्या लोकांवर ढकलता आलं असतं. पण पट्टीवाले थकले होते. "मीच वाढवलं," ते म्हणाले. "हिरवं मीच कमी केलं. तुम्ही गेला असता गं."

जावई खिडकीकडे वळले. लेक रडली नाही, ओरडलीही नाही, आणि त्याचीच पट्टीवाल्यांना भीती वाटली.

"आता रोज हिला उचलून न्यायचं," ती म्हणाली. "सकाळी, दुपारी, संध्याकाळी. पोर वाढतेय, बाबा. मी किती वर्षं उचलू शकेन, तेवढं मोजून सांगा."

आतून राणीसरकारांची हाक आली, "आजोबा, मला बाहेर काढा ना!" पट्टीवाले उठायला गेले. लेकीने हाताने त्यांना जागीच थांबवलं आणि ती एकटी आत गेली.